ग्वाल्हेरच्या थंडीसाठी सरपण: किती घ्यावं, कसं फोडावं आणि किती वेळ धरावा

ग्वाल्हेरला नव्याने आलेल्या मराठी घरांतून नोव्हेंबरच्या मध्यावर हमखास एक प्रश्न येतो: "बंबासाठी लाकूड कुठे मिळेल?" प्रश्न बरोबर आहे, वेळ चुकलेली आहे. इथलं सरपण होळीला आणायचं असतं. मार्च-एप्रिलात फोडायचं, मे-जूनच्या लूवर (उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यावर) वाळवायचं, पावसाळ्यात सांभाळायचं आणि दिवाळीनंतर जाळायचं. नोव्हेंबरात टालीवरून (लाकडाच्या वखारीतून) घाईने आणलेलं ओलं लाकूड जानेवारीतही ओलंच असतं, कारण धुक्याच्या दिवसांत इथे काहीच वाळत नाही.

दुसरी गोष्ट. टालीवर जे पैसे देता ती सरपणाची पूर्ण किंमत नव्हे. कापणं, फोडणं, वाहून आत आणणं, रचणं, पुन्हा बारीक करणं हे सगळं धरलं, तर नवख्या माणसाला वाळलेल्या एका क्विंटलमागे सुमारे सात तास अंगमेहनत पडते. ती कुठे पडते आणि कुठे वाचवता येते, ते पुढे क्रमाने दिलं आहे. आकडे चार माणसांचं घर, सकाळी एक बंब आणि संध्याकाळी अंगणात एक शेगडी असं धरून आहेत.

१. आधी गरज मोजा

चौघांच्या आंघोळीला मिळून ६० लिटर गरम पाणी धरा. जानेवारीत टाकीतलं पाणी १४ अंशांच्या आसपास असतं, ते ४५ अंशांपर्यंत न्यायचं म्हणजे ६० × ३१ = १,८६० किलोकॅलरी उष्णता. चांगल्या वाळलेल्या बाभळीच्या एका किलोत साधारण ३,५०० किलोकॅलरी असतात, पण बंबातल्या पाण्याला त्यातला फार तर तिसरा हिस्सा मिळतो, बाकी उष्णता नळीतून वर जाते. म्हणजे हिशेबाने दीड किलो. पेटवण, मधेच विझणं, शेवटी उरलेले निखारे धरून रोज अडीच किलो धरा.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ९० दिवस: सव्वादोन क्विंटल. संध्याकाळच्या शेगडीला रोज तीन किलो, दोन महिने: पावणेदोन क्विंटलच्या वर थोडं. पाहुणे, संक्रांत, घरातलं एखादं कार्य यासाठी क्विंटलभर वर. एकूण पाच क्विंटल वाळलेलं लाकूड.

आता ओल्याचा हिशेब. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या साधारण ४५ टक्के पाणी असतं, वाळल्यावर १५ टक्के उरतं. १०० किलो ओल्या लाकडातला ५५ किलो लाकडाचा भाग तेवढाच राहतो, म्हणून वाळल्यावर ते सुमारे ६५ किलो भरतं. पाच क्विंटल वाळलेलं हवं तर आठ क्विंटल ओलं आणावं लागेल.

तेवढंच ६० लिटर पाणी विजेवर तापवायला दोन युनिटच्या थोडं वर वीज लागते. हे वाचून गीझरच बरा वाटला तर त्यात काही चूक नाही. स्वतःच्या मजुरीचा दर लावला तर बंब स्वस्त पडत नाही.

२. कोणतं लाकूड

*बाभूळ* पहिली पसंती. जड, निखारा टिकतो, धूर कमी, आणि ओली असताना सरळ फुटते. साल जाड असते, तिच्याखाली पाणी अडून राहतं, एवढं लक्षात ठेवा.

*विलायती बाभूळ*, म्हणजे वेडी बाभूळ, चंबळकडच्या बीहडांत (घळींत) आणि रस्त्याकडेला माजलेली असते. उष्णता उत्तम, खोडं बहुतेक मनगटापासून मांडीएवढी, त्यामुळे फोडायचं काम कमी. काटे मात्र वाईट. चपलेचा तळवा आणि सायकलचं टायर दोन्ही पार करतात. फांद्या साफ करूनच घरात घ्या.

*करधई आणि धावडा* या भागातल्या जंगलांची लाकडं. फार घट्ट, धग फार चांगली. पण वाळल्यावर कुऱ्हाड उसळून परत येते, म्हणून ओली असतानाच फोडावी लागतात. शिवाय हे जंगलाचं लाकूड, त्यामुळे पावतीशिवाय घेऊ नका.

*निलगिरी* ओली असताना फुटते, वाळली की तंतू पिळलेले असल्यामुळे पाचर गिळून टाकते. *चिंच* धगीला उत्तम, फोडायला छळ. *कडुनिंब* मधला. *आंबा* आणि *शिरीष* हलके, भराभर जळतात, पेटवणीला ठीक. *वड, पिंपळ, उंबर* सरपणाला कामाचे नाहीत. चिकाची, हलकी लाकडं, आणि तशीही आपल्याकडे कोणी तोडत नाही.

जाळायचंच नाही ते: बागेतली छाटलेली कण्हेर (झाड विषारी आहे, धूरही), जुने रंगवलेले दरवाजे-चौकटी, प्लायवूड, आणि वाळवीचं औषध मारलेलं लाकूड. जुना वाडा पाडल्यावर निघालेलं लाकूड फुकट मिळतं म्हणून लोक घेतात. त्याच्यावरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, ते धुरातून घरात आणि राखेतून तुळशीत जातं.

३. कुठून आणायचं, कागद कोणते

तीन वाटा आहेत.

*टाल*, म्हणजे लाकडाची वखार. निवड करता येते, आरा मशीन (लाकूड कापायची गिरणी) जवळ असली तर तुकडेही करून मिळतात.

*आरा मशीनच्या ढलप्या.* सागाच्या, आंब्याच्या कडा, पोत्याने मिळतात. बहुधा कोरड्या, पेटवणीला अप्रतिम, शेगडीला मात्र एकट्या पुरत नाहीत.

*घरचं झाड.* इथेच लोक फसतात. झाड आपल्या अंगणातलं असलं तरी शहराच्या हद्दीत परवानगीशिवाय तोडता येत नाही. मध्य प्रदेशात नागरी क्षेत्रातल्या झाडांसाठी २००१ चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे आणि परवानगी वृक्ष अधिकाऱ्याची लागते. नगर निगमात अर्ज करा. वाऱ्याने पडलेलं झाड उचलण्याआधीही फोटो काढा आणि कळवा, नंतर "तोडलं की पडलं" हा वाद होत नाही. सोबत ठेवायचे कागद:

- अर्ज, झाडाची जात आणि कारण लिहून
- झाडाचे फोटो, एक दुरून घरासकट, एक बुंध्याचा
- मालमत्ता कराची पावती किंवा रजिस्ट्रीची प्रत
- ओळखपत्र
- भाड्याचं घर असल्यास मालकाचं लेखी संमतीपत्र, झाड सामाईक भिंतीवर असल्यास शेजाऱ्यांचंही

परवानगीत बदली झाडं लावायची अट असू शकते, ती वाचूनच सही करा.

गावाकडच्या शेतातलं लाकूड गाडीने शहरात आणायचं असेल तर वाहतूक परवान्याचा प्रश्न येतो, इथे सगळे त्याला "टीपी" म्हणतात. कोणत्या जातीला तो लागतो आणि कोणत्या जातीला सूट आहे, हे गाडी भरण्याआधी वनमंडल कार्यालयात विचारून घ्या. गाडी नाक्यावर अडल्यावर विचारण्यात अर्थ नाही. टालीवरून घेतलं असेल तर पावती आणि तोलाची चिठ्ठी गाडीत ड्रायव्हरच्या हातात द्या.

४. टालीवर तोल आणि पारख

सकाळी लवकर जा, उन्हात घाईने निवड होते. ढिगाच्या वरचं लाकूड बघून सौदा करू नका, दोन-चार ओंडके खालून ओढायला सांगा.

ओलं की वाळलेलं हे असं ओळखा. दोन तुकडे एकमेकांवर आपटा, वाळलेले टणटणीत वाजतात, ओले "ढब" करतात. वाळलेल्या तुकड्याच्या तोंडावर गाभ्यापासून बाहेर जाणाऱ्या चिरा असतात. पण नुसत्या चिरांवर विश्वास नको: ओंडक्याची दोन्ही तोंडं उन्हाने आठवड्यात चिरतात आणि पोट ओलं राहतं. एक ओंडका मधोमध कापून आतल्या ताज्या भागावर गाल किंवा मनगटाची आतली बाजू टेकवा. थंडगार लागलं की ओलं.

दराची तुलना सोपी आहे. ओलं १०० किलो म्हणजे वाळलेलं ६५, म्हणून वाळलेल्याचा दर ओल्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असेल तर मार्चमध्ये ओलं घेणं फायद्याचं. त्याहून कमी असेल तर वाळलेलं घ्या आणि वाळवायची कटकट सोडा. नोव्हेंबरात ओलं कुठल्याही दराने घेऊ नका.

तोलात होणाऱ्या गमती:

- गाडी रिकामी तोललेली नसते. धर्मकाट्यावर (गाडी तोलायच्या मोठ्या काट्यावर) आधी रिकामी गाडी, मग भरलेली, दोन्ही चिठ्ठ्या घ्या.
- भाव मणाचा सांगतात आणि तुम्ही क्विंटल समजता. मण ४० किलोचा.
- बुंध्याला माती आणि मुळं तशीच असतात. मुळांचे गोळे फुटत नाहीत, ते बाजूला काढायला लावा.
- वाकडे, फाट्याचे तुकडे स्वस्त म्हणून घेतले जातात. एक फाट्याचा ओंडका फोडायला सरळ पाच ओंडक्यांइतका वेळ खातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तुकडे तिथेच आऱ्यावर करून घ्या. ३० सेंटिमीटर लांबी सांगा. त्याची मजुरी वेगळी पडते, ती द्या. पुढच्या सगळ्या कामात एवढा स्वस्त वाचलेला वेळ दुसरा नाही.

५. हत्यारं

- कुऱ्हाड: डोकं दीड ते दोन किलो, दांडा ७५ ते ९० सेंटिमीटर. अडीच-तीन किलोची कुऱ्हाड नवख्याला वीस मिनिटांत थकवते.
- लोखंडी पाचरी दोन. एक अडकली की दुसरीने सोडवायची.
- घण, तीन-चार किलोचा. पाचर घणानेच ठोकायची. कुऱ्हाडीच्या तुंब्याने (पाठच्या बोथट बाजूने) ठोकली की नेढं (दांडा बसतो ते भोक) पसरतं आणि दांडा ढिला होतो.
- धनुष्याच्या आकाराची करवत, २४ इंची पातं. एक पातं जादा ठेवा.
- जड कोयता आणि लाकडी मोगरी, बंबफोड (बंबात घालायचे बारीक तुकडे) करायला.
- ठोकळा: गाठीचा, न फुटणारा, गुडघ्याच्या थोडा खाली येईल इतका उंच.
- कानस आणि धार लावायचा दगड.
- चष्मा, पुढून बंद बूट. चपलेवर कुऱ्हाड चालवू नये, हे सांगायला लागू नये पण लागतं.

इथल्या हवेची एक खास अडचण आहे. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की दांड्याचं लाकूड नेढ्यात आकसतं आणि डोकं हलायला लागतं. रोज काम सुरू करण्याआधी कुऱ्हाड उलटी धरून डोकं हलतंय का ते बघा. बरेच जण रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात. सकाळी घट्ट होतं खरं, पण फुगलेले तंतू नेढ्यात चेपले जातात आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त ढिले होतात. नेढ्यात नवी लाकडी पाचर ठोकणं आणि जवसाचं तेल मुरवणं हा खरा उपाय.

६. तुकडे घरी करावे लागले तर

१५ सेंटिमीटर जाडीच्या ओल्या बाभळीचा एक काप हातकरवतीने घ्यायला, ओंडका फिरवणं धरून, तीन ते चार मिनिटं लागतात. असा ३० सेंटिमीटरचा तुकडा सुमारे साडेपाच किलो भरतो. आठ क्विंटलचे जवळजवळ १४५ तुकडे, म्हणजे साडेआठ तास नुसती करवत. विजेच्या साखळी करवतीने हेच काम दोन-अडीच तासांचं, पण ते हत्यार पहिल्यांदा हातात घेणाऱ्याने एकट्याने चालवू नये.

ओंडका जमिनीवर ठेवून कापू नका. फुलीच्या आकाराची घोडी करा, दोन जुन्या वाशांचीही होते. काप नेहमी घोडीच्या बाहेर लोंबणाऱ्या टोकाकडे घ्या. दोन टेकूंच्या मध्ये कापलं की ओंडका खाली वाकतो, फट मिटते आणि करवत आत अडकते. नवख्यांची निम्मी पाती अशीच वाकतात. करवत जड जायला लागली तर जोर वाढवू नका, दातांवर चिकटलेला डिंक रॉकेलच्या फडक्याने पुसा.

७. फोडणं

ओलं असतानाच फोडा. लाकडातलं पाणी तंतूंच्या दिशेने तोंडाकडे जातं आणि साल ते बाजूने बाहेर पडू देत नाही. सालीसकटचा अखंड ओंडका वर्षभरातही धड वाळत नाही. तोच चार ढलप्यांत (उभ्या फोडींत) फोडला तर मार्च ते जून एवढ्यात वाळतो. शिवाय बाभूळ, करधई, निलगिरी ओल्या असताना निम्म्या जोरात फुटतात.

उभं राहण्याची पद्धत आधी ठरवा. पाय खांद्याइतके फाकवून, दोन्ही पाय ठोकळ्यापासून सारखे दूर, एक पुढे एक मागे नको. वार चुकला तर कुऱ्हाड ठोकळ्यात रुतली पाहिजे, नडगीत नव्हे. म्हणूनच तुकडा ठोकळ्याच्या आपल्याकडच्या कडेला न ठेवता पलीकडच्या बाजूला ठेवायचा. कुऱ्हाड वर जाताना एक हात डोक्याजवळ असतो, खाली येताना तो घसरत दुसऱ्या हाताला येऊन मिळतो, आणि आपटण्याच्या क्षणी गुडघे थोडे वाकतात. जोर लावायचा नाही, डोक्याचं वजन पडू द्यायचं.

कुठे मारायचं ते लाकूडच सांगतं. तोंडावर चीर असेल तर त्याच रेषेत. गाठ असेल तर ती खालच्या बाजूला करून, रेषा गाठीच्या मधून न जाता बाजूने जाईल अशी. जाड ओंडका मधोमध फुटत नाही म्हणून लोक दहा-दहा वार घालतात. तो कडेने सोला: कडेपासून पाच-सहा सेंटिमीटर आत एक वार, तुकडा फिरवा, पुन्हा कडेला. चार-पाच फोडी निघाल्या की गाभा लहान होतो आणि एका वारात उघडतो.

कुऱ्हाड अडकली तर दांडा वरखाली हलवून काढा. आडवी पिळू नका, दांडा नेढ्याजवळ मोडतो. तीन वारांत फुटलं नाही तर पाचर लावा. पाचरीनेही न फुटणारा तुकडा बाजूला टाका. तो फोडण्यात हिरोपणा आहे, सरपण नाही. होळीत द्या किंवा ठोकळा करा.

शेगडीसाठी ढलपा आठ-दहा सेंटिमीटर जाड पुरे. बंबासाठी लागणारा वाटा मात्र आत्ताच वेगळा काढा, त्याचं काम पुढे येतं.

वेळ: नवख्याला एका तुकड्याचे चार ढलपे करायला उचलणं, ठेवणं, अडकणं धरून साडेचार मिनिटं. १४५ तुकड्यांचे अकरा तास. हात बसल्यावर तीन-चार तासांत होतं. सकाळी साडेसहा ते साडेआठ एवढंच काम करा. नऊनंतर मार्चअखेरीस ऊन चढतं आणि घामाने दांडा निसटतो. थकल्यावरचा शेवटचा अर्धा तास सगळ्यात धोक्याचा असतो.

मजूर लावायचा असेल तर रोजावर घेऊ नका, काम लांबतं. क्विंटलवर ठरवलं तर तो जाड ढलपे सोडून जातो. उपाय सोपा आहे: हव्या त्या जाडीचा एक ढलपा स्वतः फोडून त्याच्या समोर ठेवा, दर त्या नमुन्यावर ठरवा आणि तोल काम संपल्यावर करा.

८. वाहणं आणि रचणं

लष्कर या ग्वाल्हेरच्या जुन्या भागातल्या गल्ल्यांत छोटा हत्ती (मालाचा लहान टेम्पो) तोंडाशीच थांबतो आणि माल रस्त्यावर ओतून जातो. गल्लीच्या तोंडापासून अंगणापर्यंत ५० मीटर अंतर, एका खेपेला २० किलो, खेपेला तीन मिनिटं: आठ क्विंटलच्या ४० खेपा, दोन तास. हे कोणीच हिशेबात धरत नाही. हातगाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवा.

जमिनीवर विटांच्या दोन ओळी मांडा, त्यावर जुने बांबू किंवा पाइप. ढिगाखाली किमान दहा-पंधरा सेंटिमीटर हवा खेळली पाहिजे. भिंतीपासूनही तेवढंच अंतर सोडा, नाहीतर वाळवी भिंतीतून थेट ढिगात येते. ओळ एकेरी रचा, दोन्ही टोकांना ढलपे आडवे-उभे असे चौकटीत लावले की बाजू ढासळत नाहीत. उंची कंबरेपर्यंत, घरात मुलं असतील तर त्याहून कमी. ढलप्यांची तोंडं पश्चिमेच्या वाऱ्याकडे ठेवा, लू तिकडून येते.

साल वर की खाली यावर वाद आहे. वाळताना खाली, पाऊस सुरू झाल्यावर वरचा थर तेवढा साल वर, एवढं पाळा आणि वाद सोडून द्या.

वाळलं की नाही हे तोलूनच कळतं. रचताना मधल्या थरातला एक ढलपा घ्या, खडूने खूण करा, आकड्याच्या काट्यावर तोला. दीड किलोचा ढलपा एक किलोच्या आसपास उतरला आणि पुढचे दोन आठवडे तिथेच थांबला की झालं. इथल्या उन्हाळ्यात, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यामुळे दहा-बारा आठवडे पुरतात.

९. पावसाळा

जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत ढिगावर पत्रा किंवा ताडपत्री टाका. फक्त वरून. चारी बाजूंनी गुंडाळलं की आत वाफ कोंडते, बुरशी येते आणि तीन महिन्यांचं वाळवणं वाया जातं.

ढिगाखाली बारीक पिठासारखी पूड पडलेली दिसली तर ते पोखरणाऱ्या किड्यांचं काम आहे. बाभळीच्या सालीखालचा पांढरा भाग त्यांना आवडतो. सुटलेली साल पावसाआधीच काढून टाकली तर त्रास बराच कमी होतो. पोखरलेलं लाकूड आधी जाळून टाका. औषध मारू नका, ते शेवटी तुमच्याच शेगडीत येणार आहे. पावसाळ्यात ढिगात विंचू आणि साप बसतात, म्हणून हात घालण्याआधी काठीने हलवा आणि खालून ओढू नका, वरून काढा.

१०. बंबफोड

बंबाच्या मधल्या नळीत वरून सोडायचं लाकूड १५ ते २० सेंटिमीटर लांब आणि दोन बोटं जाड हवं. जाड टाकलं की नळी गुदमरते आणि धूर न्हाणीघरात येतो.

हे कुऱ्हाडीने करू नका. छोटा ढलपा हातात धरून वरून कुऱ्हाड मारताना बोटं जातात. कोयत्याचं पातं ढलप्याच्या तोंडावर टेकवा, मोगरीने पाठीवर हलका ठोका द्या म्हणजे ते रुतेल, मग हात ढलप्यापासून काढून कोयता आणि ढलपा दोन्ही एकत्र उचला आणि ठोकळ्यावर आपटा. दोन आपटांत फुटतो.

तासाला २०-२५ किलो होतं. बंबाच्या सव्वादोन क्विंटलला आणि पेटवणीला मिळून तीन क्विंटल धरा, म्हणजे बारा तास. अर्धं काम मार्चमध्ये ओलं असतानाच उरका. बारीक तुकडे तीन-चार आठवड्यांतच वाळतात आणि पोत्यांत भरून ठेवता येतात. उरलेलं थंडीत रविवारी तासभर.

११. सगळा वेळ एका ठिकाणी

आठ क्विंटल ओल्या बाभळीचा, नवख्या माणसाचा, एकट्याचा:

- गल्लीतून आत वाहणं: २ तास
- हातकरवतीने कापणं: ८½ तास
- फोडणं: ११ तास
- रचणं आणि झाकणं: २½ तास
- बंबफोड: १२ तास

एकूण ३६ तास, सकाळी दोन तास धरले तर अठरा सकाळी. तुकडे टालीवरच करून घेतले तर थेट साडेआठ तास कमी होतात. टालीवर जाण्या-येण्याचा अर्धा दिवस यात धरलेला नाही.

१२. जाळताना

ओलं लाकूड का जाळू नये याचं कारण लोक चुकीचं सांगतात. पाण्याची वाफ करण्यात जाणारी उष्णता तशी कमीच, एकूण उष्णतेच्या साधारण आठवा हिस्सा. खरा तोटा असा की जाळाचं तापमान चढत नाही, लाकडातून निघालेला वायू पेटतच नाही आणि धूर होऊन जातो. तोच बंबाच्या नळीत डांबरासारखा काळा थर होऊन बसतो. थर दिसला की काथ्याच्या बोळ्याने नळी साफ करा.

बंबात पाणी भरल्याशिवाय कधीही पेटवू नका. डाख (सांध्याचा झाळ) सुटतो आणि तांब्याचं भांडं गळायला लागतं. खालच्या जाळीतली राख रोज पाडा, हवा तिथूनच येते.

शेगडी बंद खोलीत नको, निखारे झाले आणि धूर थांबला तरी नको. धूर दिसत नाही तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड जास्त धोक्याचा असतो आणि त्याला वास नसतो. झोपायच्या खोलीत शेगडी ठेवून माणसं दगावल्याच्या बातम्या उत्तरेत दर थंडीत येतात. शिवाय ग्वाल्हेर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांपैकी आहे. हवा फार बिघडलेल्या दिवसांत उघड्यावर जाळण्याबद्दल प्रशासनाची सूचना आली आहे का ते बघा. प्लास्टिक आणि टायरचे तुकडे पेटवणीला वापरू नका, त्यासाठी आरा मशीनच्या ढलप्या आहेत.

राख पाच क्विंटलला पाच ते दहा किलो निघते. झाकणाच्या लोखंडी डब्यात दोन दिवस ठेवा, मगच टाका. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा रात्रभर जिवंत राहतो.

१३. नोव्हेंबरात सुरुवात करत असाल तर

यंदा पाच क्विंटलच्या मागे लागू नका. टालीवर तयार बंबफोड मिळत असेल तर दीड-दोन क्विंटल घ्या, पोतं उघडून मधला तुकडा बघून. सोबत आरा मशीनच्या ढलप्यांची चार-पाच पोती. शेगडी फक्त कडाक्याच्या दिवसांत, बाकी आंघोळीला गीझर. मिळालेलं लाकूड थोडं दमट वाटलं तर दुसऱ्या दिवशी लागणारे तुकडे आदल्या दिवशीच्या गरम बंबाशेजारी ठेवा, पण त्याला टेकवून नव्हे. आणि होळीच्या आठवड्यात टालीवर जायची तारीख आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे ओलं, ताजं, सरळ लाकूड निवडायला मिळेल.